कार्ड कधीपर्यंत चालेल?

परवा रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. ती न्यू जर्सीला असते. आपली रविवार सकाळ म्हणजे तिची शनिवारची रात्र. एरवी पोरगी तासभर गप्पा मारते, पण त्या दिवशी आवाज दमलेला होता. ती एका कंपनीत पगारपत्रकं आणि कर्मचाऱ्यांच्या सवलती बघायचं काम करते. त्या महिन्यात बरीच माणसं कमी केली होती आणि त्या सगळ्यांना 'कोब्राची पत्रं' पाठवायचं काम तिच्याकडे होतं.

आता कोब्रा म्हटल्यावर आपल्या मराठी कानाला जे ऐकू येतं तेच मला आलं, आणि मी हसले. म्हटलं, "अगं, तिकडेसुद्धा कोकणस्थांना वेगळी पत्रं जातात की काय?" तीही हसली. मग तिनं समजावून सांगितलं. अमेरिकेत बहुतेकांचा आजारपणाचा विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विमाही जातो. म्हणून १९८६ साली तिथं एक कायदा झाला, त्याच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांचा 'कोब्रा' होतो. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाकडची नोकरी सुटली, तर त्या माणसाला साधारण अठरा महिने तोच विमा पुढे चालू ठेवता येतो. मात्र हप्ता सगळा त्यानं भरायचा, मालकाचा वाटासुद्धा, आणि वर दोन टक्के कागदपत्रांच्या खर्चाचे. नोकरीच गेलेल्या माणसानं! पत्र गेल्यावर साठ दिवसांत होय-नाही कळवायचं. पत्रच गेलं नाही, किंवा शेवटच्या दिवसाची तारीख चुकली, तर घोटाळा.

"आत्या, माझ्या हातून एक तारीख चुकली ना, तर कुणाचं तरी ऑपरेशन अडकेल. झोप लागत नाही मला," ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, "आजोबा नक्की काय काम करायचे गं गिरणीत?"

मी म्हटलं, "तू करतेस तेच."

हे बोलून गेले खरी, पण फोन ठेवल्यावर दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं. म्हणून हा लेख. घरातल्या मुलांना आजोबा 'गिरणीत होते' एवढंच माहीत आहे. साच्यावर होते की मशीनवर, तेही कुणाला धड ठाऊक नाही. तर मुलांनो, आजोबा साच्यावर नव्हते. ते टाइम ऑफिसात कारकून होते.

लालबागच्या एका गिरणीत १९४७ साली ते चिकटले आणि १९८१ साली निवृत्त झाले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. टाइम ऑफिस म्हणजे गिरणीच्या दरवाजाला लागून असलेली एक लांबट खोली. भोंगा झाला की माणसं आत शिरायची, प्रत्येकाचा तिकीट नंबर ठरलेला. कोण आला, कोण नाही, कुणाच्या जागी कोण बदली लागला, हे सगळं मस्टरवर चढायचं. त्या मस्टरवरून पगारपत्रक. मी लहानपणी डबा घेऊन एक-दोनदा तिथं गेले आहे. आठवतात ती भिंतीएवढी कपाटं आणि शाईचा वास. दादांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टाकाचा घट्टा होता, तो मरेपर्यंत गेला नाही.

आणि त्या खोलीत आणखी एक गठ्ठा असे. विम्याच्या कार्डांचा.

कामगार विमा योजना म्हणजेच आपण ज्याला 'ई.एस.आय.' म्हणतो ती. तिची गोष्ट जरा मागून सांगावी लागेल. इतिहास शिकवण्यात उभी हयात गेली, त्यामुळे सनावळीशिवाय माझं पुढे सरकत नाही, सांभाळून घ्या.

गिरणीतला माणूस आजारी पडला तर आधी काय होतं? काही नाही. खाडा पडला की पगार गेला, खाडे वाढले की जागा गेली. बाळंतिणीसाठी मुंबई इलाख्यात १९२९ साली कायदा झाला. १९२८ मध्ये त्यावर मुंबईच्या कायदेमंडळात चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले होते. पण त्या कायद्यातही अट होतीच, आधी ठरावीक महिने त्याच गिरणीत नोकरी झालेली हवी. म्हणजे बाईच्या पोटात मूल आहे हे डोळ्यांना दिसत असलं तरी तिला भत्ता द्यायचा की नाही, हे ठरणार मस्टरवरून. आमच्या विषयाची गोम ही अशी पहिल्यापासून आहे.

मग आलं दुसरं महायुद्ध. इंग्लंडात डिसेंबर १९४२ मध्ये बेव्हरिज साहेबांचा सामाजिक विम्याचा गाजलेला अहवाल निघाला. त्याच वर्षी अमेरिकेत युद्धकाळातली महागाई आवरण्यासाठी सरकारनं पगारवाढीला लगाम घातला. मग मालकांनी माणसं टिकवायला पगाराऐवजी आजारपणाचा विमा देऊ केला. पुढे करातही त्याला सूट मिळाली आणि विमा नोकरीला बांधला गेला तो गेलाच. माझ्या भाचीची झोप उडाली आहे ती तिथपासून.

आपल्याकडे १९४३ साली हिंदुस्थान सरकारनं प्राध्यापक बी. पी. आडारकर यांना कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना करायला सांगितलं. मजूर खातं त्या वेळी बाबासाहेबांकडे होतं. आडारकरांनी १९४४ साली अहवाल दिला. लोक कौतुकानं त्यांना 'छोटा बेव्हरिज' म्हणत. योजना अशी की मालकानं थोडं भरायचं, कामगाराच्या पगारातून थोडं कापायचं आणि त्यातून औषधपाणी, आजारपणातला भत्ता, बाळंतपण, अपघात हे सगळं बघायचं.

गंमत बघा, त्याच १९४३ साली सर जोसेफ भोर यांची समितीही नेमली गेली. तिनं १९४६ साली सांगितलं की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणी उपचारांवाचून राहता कामा नये. माणूस कुठं नोकरीला आहे हा प्रश्नच नाही. असे दोन अहवाल एकाच वेळी सरकारच्या टेबलावर होते. एकात माणूस म्हणून हक्क, दुसऱ्यात कामगार म्हणून. त्यांतला आडारकरांचा लवकर कायद्यात उतरला, कारण त्याचा पैसा कुठून येणार हे पगारपत्रकावरच लिहिलेलं होतं. १९ एप्रिल १९४८ ला आपला कायदा झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ५ जुलै १९४८ ला, इंग्लंडनं दवाखाने सगळ्यांना खुले केले, नोकरी असो वा नसो. आपला देश गरीब, नुकती फाळणी झालेली, त्याला तसं करणं जमलं असतं का, यावर मी बोलणं बरं नव्हे. पण वर्गात हे साल शिकवताना मला नेहमी थांबावंसं वाटे.

योजना सुरू झाली २४ फेब्रुवारी १९५२ ला, कानपूरला, पंडित नेहरूंच्या हस्ते. दिल्लीतही त्याच वेळी. सुरुवातीला दोन्हीकडे मिळून एक लाख वीस हजार कामगार होते. पहिला मानद विमेदार म्हणून खुद्द पंडितजींनी फॉर्मवर सही केली. मुंबईत ती १९५४ मध्ये आली. दादांकडे हे काम आलं ते तेव्हा. आधीच मस्टर आणि पगारपत्रक होतं, प्रॉव्हिडंट फंडाची कापणीही १९५२ च्या कायद्यानं आली होती, त्यात आता विमा. कामगारांना आधी ते काही पटलं नाही. पगारातून आणखी एक कापणी, एवढंच दिसायचं. पण मग आजूबाजूला पॅनल डॉक्टरांच्या पाट्या लागल्या, परळला विम्याचं मोठं इस्पितळ झालं, आणि आमच्या चाळीतल्या बायका स्वतःची बाटली घेऊन औषध आणायला जाऊ लागल्या. 'इम्याचा डॉक्टर' हा शब्द मी वाचायला शिकायच्या आधी ऐकलेला आहे.

आता दादांचं काम. प्रत्येक कामगाराचं एक कार्ड असे आणि त्यावर आठवड्याच्या वर्गणीची तिकिटं चिकटवावी लागत. टपालाच्या तिकिटांसारखीच. पगार मिळाला त्या आठवड्याचं तिकीट, खाडा झाला त्या आठवड्याचं नाही. सहा महिन्यांचा एक काळ धरायचा, त्यात निम्मे आठवडे तरी भरले पाहिजेत. ते भरले, की मध्ये तीन महिने सोडून पुढचे सहा महिने माणूस हक्काचा. म्हणजे आज केलेल्या कामाचं फळ नंतर. याची एक चांगली बाजू अशी की माणूस गिरणी सोडून गेला तरी दुसऱ्या दिवशी त्याचं कार्ड मरत नसे. आधीची पुण्याई असेल तेवढे महिने ते चालायचं.

हे पुढे सोपं झालं. १९८५ च्या सुमारास तिकिटं गेली, टक्केवारी आली आणि सगळ्यांना एकच वेळापत्रक लागू झालं. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीचा फायदा पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, आणि ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. सहा महिन्यांत ७८ दिवस भरले पाहिजेत. भाचीला मी फोनवरच उदाहरण घातलं. (जित्याची खोड!) एक मासिक पगारवाला माणूस एप्रिलपासून रोज कामावर आहे. त्यानं १६ जूनला नोकरी सोडली तर भरतात ७७ दिवस. १७ जूनला सोडली तर ७८. आधीच्या सहामाहीची वर्गणी भरलेली असेल, तर पहिल्याचा हक्क ३१ डिसेंबरला संपतो आणि दुसऱ्याचा पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत चालतो. एका दिवसाचं काम आणि सहा महिन्यांचं औषध. भाची म्हणाली, "हे त्या माणसाला कोण सांगतं?" मी म्हटलं, "तेच तर."

कुणी सांगत नसे. कायद्यात तसं सांगायची जबाबदारी कुणावर होती असं दादांच्या बोलण्यात कधी आलं नाही. माणूस यायचा, 'हिशेब द्या' म्हणायचा. हिशेब घेणं हा गिरणगावातला शब्द. त्यात उरलेला पगार, रजेचे पैसे, पुढे १९७२ च्या कायद्यानंतर ग्रॅच्युइटी हे सगळं आलं, आणि संबंध तोडणंही आलं. हिशेब घेतला की मस्टरवरच्या नावावर लाल रेघ. दादा म्हणायचे, ती रेघ मारताना हात जड होतो. पण ते असं काही फार बोलणारे नव्हते. ते एक करायचे. माणूस हिशेब मागायला आला की त्याचं कार्ड काढून तिकिटं मोजायचे आणि त्याला सांगायचे की कार्ड कधीपर्यंत चालेल. घरी त्यांची एक डायरी होती, पाठपुठ्ठ्याची, उभी. तीत ते नाव, तिकीट नंबर, विम्याचा नंबर, हिशेबाची तारीख आणि शेवटच्या रकान्यात 'कार्ड अखेर' असं लिहून ठेवत. लोक नंतर चाळीत येऊन विचारत, "दादा, माझं कधीपर्यंत?" म्हणून ती डायरी. कुणी सांगितलेलं काम नव्हतं ते.

आता समोरच्या खोलीतल्या काकांचं सांगते.

काका ब्लो-रूमला होते. गिरणीत कापसाच्या गाठी फोडून तो पिंजून साफ करतात ते खातं. तिथं हवेत कापसाची धूळ इतकी की दिव्याभोवती धुकं दिसायचं, असं काका सांगत. या धुळीनं छातीचा एक आजार होतो, त्याचं नाव बिसिनोसिस. त्याची खूण अशी की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. आमच्या चाळीत हे नाव कुणाला माहीत नव्हतं. पण काकांचा सोमवारचा खोकला सगळ्यांना माहीत होता. रविवारी माणूस बरा असायचा, पोरांना पत्ते शिकवायचा, आणि सोमवारी रात्री भिंतीला पाठ लावून बसून राहायचा.

१९७८ साली त्यांनी ठरवलं की आता पुरे. वय साठ झालेलं नव्हतं, पण पाडवा झाला की हिशेब घ्यायचा आणि गावाला जायचं. रत्नागिरीकडचं गाव, थोडं भात, दोन आंबे. ते दादांना सांगायला आले. दादांनी दुसऱ्या दिवशी कार्ड काढून बघितलं. चालू काळातले दहा आठवडे भरलेले होते. निम्म्याला तीन कमी. दादा संध्याकाळी समोरच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "आणखी तीन आठवडे काढा. तेरा तिकिटं होऊ देत. आत्ता सोडलंत तर कार्ड दिवाळीपर्यंत चालेल. तीन आठवड्यांनी सोडलंत तर पुढच्या एप्रिलपर्यंत."

काकूंचा चेहरा मला आठवतो. मी तेव्हा शिक्षिका म्हणून लागून काही वर्षं झाली होती, माहेरी आले होते. काकूंना वाटत होतं उद्याच निघावं. पण सहा महिन्यांचं औषध, इंजेक्शनं, गरज पडली तर इस्पितळातली खाट, हे त्यांनाही कळत होतं. काका म्हणाले, "तीन आठवडे काय, तीस वर्षं काढली."

२९ एप्रिल १९७८, शनिवार. दादांच्या डायरीत ही तारीख आहे.

त्या तीन आठवड्यांत काकांचा खोकला खूप वाढला. ते तेवढ्यानंच वाढला असं मी म्हणणार नाही, तीस वर्षांच्या धुळीपुढे तीन आठवडे ते किती? पण दादांनी ते मनाला लावून घेतलं. शिवाय एक गोष्ट त्यांच्या हिशेबात आलीच नव्हती. विम्याचा दवाखाना गावाला नव्हता. योजना जिथं लागू झाली तिथंच पॅनल डॉक्टर. म्हणजे जे सहा महिने कमावले ते वापरायचे तर मुंबईतच राहायला हवं. मग काका गावाला गेलेच नाहीत. वर्षभर त्याच खोलीत, त्याच चिमणीच्या धुरात राहिले, कारण कार्ड चालू होतं. एप्रिल १९७९ ला ते संपलं. त्यानंतर केईएमचा केसपेपर आणि लांब रांग. मग गाव. १९८० च्या थंडीत ते गेले.

दादा एकदाच मला म्हणाले, "मी माझं गणित बरोबर केलं होतं." त्यांना उत्तर नको होतं, म्हणून मी दिलं नाही.

आज विचार करते तेव्हा वाटतं, चूक दादांची नव्हती आणि काउंटरवरच्या कुणाचीही नव्हती. कायद्याचा हेतूही चांगलाच होता. त्यात एक कलम तर असं होतं की आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला मालकानं त्या काळात कामावरून काढता कामा नये. ७३ वं कलम. दादा ते पाठ म्हणून दाखवत. पण सगळी रचना अशी की आजार नोकरीत असतानाच यावा आणि नोकरीबरोबरच जावा. धुळीचा आजार उलटा वागतो. माणूस बाहेर पडतो आणि आजार त्याच्याबरोबर घरी येतो. बिसिनोसिसचं नाव कायद्यातल्या धंद्यामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. म्हणजे नुकसानभरपाई मागता येते. पण त्यासाठी आधी दाखवायचं की मी अमुक खात्यात इतकी वर्षं होतो. आणि ते दाखवायचं कशावरून? मस्टरवरून. नोंदवह्या काही ठरावीक वर्षंच जपायच्या असतात. छातीला तशी मुदत नसते.

संपाबद्दल इथं थोडंच लिहिते, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असा दिवस कधी उजाडलाच नाही. पगार नाही म्हणजे वर्गणी नाही, वर्गणी नाही म्हणजे पुढचा हक्क तयार होत नाही. आणि संपावर असलेल्या दिवसाचा आजारभत्ता सहसा देऊ नये असं कायद्यातच होतं. लोकांपुढे पेच असा की हिशेब घ्यावा की घेऊ नये? घेतला तर हातात पैसे येतात, पण नावावर लाल रेघ पडते. न घेतला तर नाव मस्टरवर राहतं, पण चूल कशी पेटायची? दादा तोवर निवृत्त झाले होते, तरी माणसं डायरी विचारत येत. डायरी १९८१ ला संपलेली. दादा म्हणायचे, "माझ्या हातात आता मस्टर नाही रे बाबा." तरी बोटांवर आठवडे मोजून काहीतरी अंदाज सांगायचेच.

एक सुधारणा मात्र नंतर झाली आणि ती नोंदवायला हवी. १९८९ साली कायदा दुरुस्त करून निवृत्त कामगाराला आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला औषधोपचार चालू ठेवायची सोय केली. निदान पाच वर्षं विमेदार असलेल्यानं महिन्याला दहा रुपये, म्हणजे वर्षाचे एकशेवीस आगाऊ भरायचे. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांनाही पुढे हे मिळू लागलं. अमेरिकेतल्या कोब्राशी ताडून बघा, आपली सोय कितीतरी माणुसकीची आहे. भाचीला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "दीड डॉलर? वर्षाला?" २००५ पासून कारखाना बंद पडून नोकरी गेलेल्यांना काही महिने बेकारभत्ता आणि औषधोपचार द्यायची योजनाही आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तर हा जुना कायदा सामाजिक सुरक्षेच्या नव्या संहितेत सामावला गेला आहे.

पण मेख तिथंच. एकशेवीस रुपये भरायला गेलं की मालकाचा दाखला लागे, हा माणूस अमुक तारखेला निवृत्त झाला म्हणून. गिरणीला कुलूप लागलेलं असेल तर दाखला कोण देणार? दादांच्या गिरणीतली जुनी कागदपत्रं रद्दीत गेली, असं तिथल्या एका रखवालदारानं नव्वदच्या दशकात दादांना सांगितलं. टेम्पो भरून गेली म्हणे. दादांनी ऐकून घेतलं आणि चहा मागितला. १९९४ साली ते गेले. डायरी माझ्याकडे आली, कारण घरात जुने कागद सांभाळण्याचं खूळ मला एकटीलाच.

(माझं स्वतःचं सेवापुस्तक शाळेच्या कारकुनानं इतकं नीट ठेवलं होतं की पेन्शनला एक दिवस उशीर झाला नाही. त्यांना मी निवृत्त होताना पेढे दिले होते. आता वाटतं, शाल द्यायला हवी होती.)

त्यानंतर त्या डायरीचा उपयोग एकदाच झाला, आणि तोही भलत्याच कारणासाठी. बंद गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरं बांधायची, असं बऱ्याच लढ्यानंतर ठरलं. २०१० च्या सुमारास अर्ज मागवले गेले. अट अशी की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामगार गिरणीच्या पटावर हवा. सुमारे दीड लाख अर्ज आले. त्यासाठी पुरावे शोधायची गिरणगावात आणि कोकणातल्या घराघरांत एकच धांदल उडाली. तिकीट नंबर, पगाराची पावती, फंडाचा कागद, रजेचं कार्ड, आणि विम्याचं कार्ड! ज्या कार्डावर वीस-पंचवीस वर्षांत औषधाची एक गोळी मिळाली नव्हती, ते ट्रंकेच्या तळातून काढून लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरू लागले. आमच्या जुन्या चाळीतले पाच-सहा जण माझ्याकडेही आले. डायरी काही सरकारी पुरावा नव्हे. पण तीत अधूनमधून हिशेब न घेतलेल्यांचेही विम्याचे नंबर होते, आणि नंबर असला की पुढे माग काढता येतो. दोघांना तो मिळाला. त्यांपैकी एकाचं नाव पुढे सोडतीत निघालं. जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत नव्हे, नंतरच्या.

समोरच्या खोलीतल्या काकांचा थोरला मुलगाही आला होता. त्याला मी लहानपणी पाढे शिकवलेले. आता तोच साठीकडे आलेला, हातात छत्री, चपला बाहेर काढून आत आला. म्हणाला, "ताई, बाबांचं नाव असेल ना दादांच्या वहीत?" मी पान काढून त्याच्यासमोर ठेवलं. नाव, तिकीट नंबर, विम्याचा नंबर, हिशेब २९ एप्रिल १९७८. आणि शेवटच्या रकान्यात दादांच्या अक्षरात, कार्ड अखेर एप्रिल ७९.

त्यानं तारखेवर बोट ठेवलं आणि मनातल्या मनात वजाबाकी केली. तीन वर्षं आठ महिने कमी पडत होते. मला काही सांगावं लागलं नाही. चहा झाला, आईची चौकशी झाली. काकू तेव्हा होत्या, गावाला. उठताना त्यानं खिशातून पेन काढलं आणि एका जुन्या पाकिटावर वडिलांचा विम्याचा नंबर उतरवून घेतला. मी म्हटलं, "अरे, त्याचा काही उपयोग नाही आता."

"असू दे," तो म्हणाला. "आईला दाखवतो."